कळतं, पण वळत का नाही?

'कळतं, पण वळत नाही' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. तंबाखू सोडायला हवी हे कळते, रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला हवी हे कळते, बाळाचे डोस वेळेवर द्यायला हवेत हेही कळते. तरी ते होत नाही. मग 'लोक अडाणी आहेत' असे म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी मोकळी होतो. पण या प्रश्नाचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनीही कसून केला आहे आणि त्यांचे उत्तर निराळे आहे. बाळाच्या लसीकरणापुरते ते आज पाहू.

आरोग्य हेही भांडवलच

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस केवळ बाजारातच नव्हे, तर लग्न, मुलेबाळे, शिक्षण अशा सगळ्याच बाबतींत फायद्या-तोट्याचा हिशेब करतो. १९७२ साली मायकेल ग्रॉसमन यांनी हाच विचार आरोग्याला लावला. शेतकऱ्याला जशी विहीर किंवा बैलजोडी, तसे माणसाला आरोग्य. ते भांडवल आहे. वयाबरोबर ते झिजते आणि त्याची डागडुजी करावी लागते. या डागडुजीला पैसा लागतो, तसा वेळही लागतो.

वेळेचा हा मुद्दा वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. सरकारी लस फुकट असते असे आपण म्हणतो. पण मजुरी करणाऱ्या आईला विचारा. तिचा अर्धा दिवस जातो, म्हणजे रोज बुडतो. गाव लांब असेल तर गाडीभाडे पडते. एवढे करून केंद्रावर पोचावे, तर कधी नर्सबाई दुसऱ्या गावी गेलेल्या असतात. डोस मिळाला तर रात्री बाळाला ताप येतो, मांडी सुजते आणि घरभर जागरण होते. सकाळी सासूबाई म्हणतात, "चांगलं खेळतं लेकरू, कशाला आजारी पाडलंस?"

आता दुसरी बाजू. लसीचा फायदा काय? तर गोवर झाला नाही, घटसर्प झाला नाही, डांग्या खोकला झाला नाही. जे झालेच नाही ते दिसणार कसे? खर्च आजचा आणि डोळ्यांसमोरचा; फायदा उद्याचा आणि न दिसणारा. माणूस आजच्या त्रासाला उद्याच्या लाभापेक्षा फार जास्त वजन देतो, हे रिचर्ड थेलर आदींनी दाखवून दिले. थेलर यांना २०१७ साली नोबेल मिळाले. 'सोमवारपासून नक्की फिरायला जाणार' असे म्हणणाऱ्या आपल्यासारख्या शिकल्यासवरल्यांनाही हा नियम लागू आहे. तेव्हा डोस चुकवणाऱ्या आईला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

एक किलो डाळीची गोष्ट

हा विचार खरा की खोटा, याची परीक्षा राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत झाली. ती घेणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ होते. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे नोबेल मिळाले. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री निर्मलाताई मूळच्या मराठी, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. गावपातळीवरचे काम 'सेवा मंदिर' या संस्थेने केले.

एकूण १३४ गावे निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटात नेहमीची सरकारी व्यवस्था तेवढी होती. दुसऱ्या गटातील ३० गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, न चुकता लसीकरणाचे शिबिर भरू लागले. तिसऱ्या गटातील ३० गावांत तेच शिबिर, शिवाय प्रत्येक डोसामागे एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्यांचा संच. डाळीची किंमत तेव्हा सुमारे ४० रुपये, म्हणजे तिथल्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा थोडी कमीच.

२०१० साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : नेहमीच्या व्यवस्थेत १०० पैकी ६ मुलांचे लसीकरण पूर्ण झाले. खात्रीच्या शिबिरांत १८, तर शिबिर अधिक डाळ असलेल्या गावांत ३९. विशेष म्हणजे पहिला डोस घेणारी मुले दोन्ही प्रकारच्या शिबिरांत जवळपास सारखीच होती. फरक पडला तो शेवटच्या डोसापर्यंत पोचण्यात. लोकांचा लसीला विरोध नव्हता. पुन्हा पुन्हा यायला निमित्त हवे होते, ते डाळीने दिले.

काही वाचक म्हणतील, ही तर लाच झाली! स्वतःच्या मुलाच्या भल्यासाठी आईबापांना डाळ कशाला द्यायची? पण खर्चाचे गणित पाहा. डाळ वाटूनही पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. कारण शिबिराला पाच मुले येवोत की पंचवीस, नर्सबाईंचा पगार आणि गाडीचा खर्च तेवढाच. शिवाय प्रश्न एका घराचा नाही. गोवर रोखायला १०० पैकी ९५ मुलांना लस मिळालेली असावी लागते. 'सगळ्यांनी घेतली आहे, माझ्या एकट्याच्या मुलाने काय बिघडते?' असा हिशेब प्रत्येकाने केला की साथ येते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली, हे फार जुने नाही.

मात्र डाळ म्हणजे जादू नव्हे. डाळ देऊनही १०० पैकी ६१ मुले राहिलीच. आणि नुसते शिबिर ठरल्या दिवशी भरू लागले एवढ्यानेच सहाचे अठरा झाले, हेही विसरू नये. म्हणून आधी केंद्र उघडे हवे, नर्सबाई जागेवर हव्यात, लस शिल्लक हवी. त्यानंतरच आईला बोल लावावा. ग्रामपंचायत सदस्यांनी भाषणांपेक्षा या तीन गोष्टींवर नजर ठेवली तर पुष्कळ साधेल.

घरी काय करता येईल?

आजचा त्रास कमी करणे एवढेच सूत्र धरा. दीड, अडीच आणि साडेतीन महिने, नऊ महिने पूर्ण झाल्यावर, पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, या तारखा बाळ जन्मताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. निघण्यापूर्वी आशाताईंना विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. डोसानंतर ताप येऊ शकतो, हे सासूबाईंना आधीच सांगा. तापाचे औषध नर्सबाई सांगतील त्याच मापाने द्या. साध्या सर्दी-खोकल्यासाठी डोस पुढे ढकलू नका. एखादा डोस चुकलाच, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबला तिथून पुढे सुरू करा. 'आता बाई रागावतील' म्हणून घरी बसणे सर्वांत वाईट.

आणि बाळाच्या वडिलांनी त्या दिवशी अर्धा दिवस रजा घेऊन सोबत जावे. आईचा निम्मा भार तिथेच हलका होतो.