हद्दीचा मामला

शाहूवाडी तालुक्यातील प्रत्येक गटाची चतुःसीमा सरकारी दफ्तरी नोंदलेली असली, तरी पहाटेच्या वेळी येथे ज्या हद्दी प्रत्यक्ष अमलात असतात त्यांची नोंद कोणत्याही उताऱ्यावर सापडत नाही. त्या कुत्र्यांनी आखलेल्या असून रोज तंगडी वर करून कायम केल्या जातात. हॉटेलाच्या भट्टीपासून पिंपळाच्या पारापर्यंत एका टोळीची वहिवाट, पारापासून दूध संस्थेच्या कट्ट्यापर्यंत दुसरीची, आणि पुढे वाट उसाच्या फडांत शिरली की वस्तीवस्तीच्या राखण्या कुत्र्यांचा स्वतंत्र अंमल. या मुलखातून माझ्या टिप्याला दोराने सुखरूप नेणे व आणणे, हे माझे नित्याचे काम होय.

टिप्या दुष्ट नाही, भित्रा आहे. संकटाच्या वेळी पळून जाण्याचा जो निसर्गदत्त हक्क प्रत्येक कुत्र्याला असतो तो दोराने हिरावून घेतल्यावर, समोरच्यालाच पळवून लावावे एवढा एकच उपाय त्याच्यापाशी उरतो, आणि तो उपाय तो कर्कश आवाजात अमलात आणतो. मात्र हा स्फोट अकस्मात होत नाही. चालताना उघडे असलेले, जीभ लोंबत असलेले तोंड प्रथम मिटते. मग कान पुढे वळतात, शेपटी ताठ होते, खांद्यांमधील केस पिंजारतात, आणि नजर एका ठिकाणी खिळते. तोंड मिटणे आणि नजर खिळणे यांच्यामधला जो क्षणभराचा अवकाश, तेवढ्यातच काय ते करता येते. त्यानंतर हाका, दटावणी, हातातले भाकरीचे तुकडे, सारे व्यर्थ.

म्हणून या कामातील मुख्य विद्या अंतराची. परके कुत्रे अमुक इतके दूर असेपर्यंत टिप्या त्याच्याकडे पाहून पुन्हा माझ्याकडे पाहू शकतो. ती मर्यादा ओलांडली की मी त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. ती मर्यादा रोज सारखी नसते. आदल्या दिवशी कुठे झटापट झाली असेल, तर ती दुसऱ्या दिवशी वाढलेली असते. समोरासमोर सरळ चालत जाणे कुत्र्यांच्या रीतीत उद्धटपणाचे. त्यामुळे वळसा घ्यावा, बांधावर चढावे, उभ्या ट्रॅक्टरचा आडोसा करावा. दोर सैल ठेवण्याला तर पर्याय नाही. तो ताणला की गळपट्टा मान वर उचलतो, पुढचे पाय अधांतरी होऊ लागतात, छाती पुढे येते, आणि समोरच्या कुत्र्याला त्यात उघड आव्हान दिसते. धन्याने घाबरून दिलेल्या हिसक्याने घाबरलेले कुत्रे शूर भासू लागते, ही यातली विटंबना. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरल्याने हे पुष्कळ टळते. वाकून दगड उचलण्याचा नुसता आविर्भाव केला तरी मोकाट कुत्री मागे हटतात हे खरे. परंतु टिप्याही याच गावात जन्मलेला असल्यामुळे तो आविर्भाव त्यालाही कळतो, आणि माझ्याच पायांपाशी तो जमिनीला पोट टेकतो.

ज्यांना आपण मोकाट म्हणतो त्यांपैकी पुष्कळांना धनी असतो, आणि तो बहुधा ओसरीवरच दात घाशीत बसलेला असतो. “काय करत न्हाई वो त्यो, जावा तुमी!” ही त्याची हमी प्रामाणिक असते, पण ती त्याच्या कुत्र्यापुरती; माझे कुत्रे काय करील, हा मुद्दा तिच्यात येतच नाही. तथापि या माणसांना केवळ बेफिकीर ठरवणे मला अन्यायाचे वाटते. चांदोलीच्या अरण्याला लागून असलेल्या या तालुक्यात रानडुकरे पिकात शिरतात, गवे उतरतात, आणि बिबट्याला कुत्र्याचे मांस वर्ज्य नाही. पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात कुत्र्यांचा वाटा वजनाने सुमारे ३९ टक्के आढळला होता. साखळीला बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला वाढलेले ताट, असे वस्तीवरचा माणूस म्हणतो, तेव्हा त्याला उत्तर देणे कठीण जाते. उलट, भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ जनावराच्या बाबतीतील हयगयीला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते, आणि २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम निराश्रित कुत्र्यांच्या नसबंदीची व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकतात. पण पहाटे गुरगुरणाऱ्या कुत्र्यासमोर कलम वाचून दाखवता येत नाही. माझी मागणी मर्यादित आहे: रात्री राखणीला सोडलेले कुत्रे हाकेसरशी परत येईल, एवढी शिस्त त्याला असावी.

ओढ्यापलीकडच्या वस्तीवरील एका वृद्ध शेतकऱ्याशी माझा असा तह झालेला आहे. वळणाअलीकडून मी “मामा, आलो हो!” अशी हाळी देतो, ते आपल्या तांबड्या कुत्र्याचे बखोट धरून गोठ्यात उभे राहतात, आणि टिप्या बांधाच्या कडेने, गवत हुंगत, निघून जातो. तहात एक कलम मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी घालून घेतले: “पर भादव्यात हिकडनं येऊ नगासा. तवा त्यो माझंबी ऐकत न्हाई.” त्यामुळे भाद्रपद लागला की आम्ही धरणाकडच्या वाटेने जातो, जी लांबची आहे आणि चिखलाची.