२१ इंचांची पेटी

आमच्या घरात समोरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन आहे. अमेरिकी सिनेटच्या समितीचा अहवाल वाचताना एका ओळीवर अडखळलो, उठलो आणि टेप घेऊन त्या मशीनची मापं काढली. अहवालातली पेटी २१ इंच रुंद, अडीच फूट खोल आणि अडीच फूट उंच होती. आमचं मशीन तिच्यापेक्षा थोडं उंचच भरलं. त्या पेटीत २००२ च्या ऑगस्टमध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने अबू झुबैदा नावाच्या माणसाला सगळे मिळून २९ तास कोंबून ठेवलं होतं. शवपेटीच्या आकाराची आणखी एक, मोठी पेटी होती; तिच्यात २६६ तास. मधल्या वेळात त्याला फळीवर उताणं बांधायचं, तोंडावर फडकं टाकायचं आणि त्यावर पाणी ओतत राहायचं. बुडणाऱ्याला जे जे होतं ते सगळं होतं, फक्त माणूस मरत नाही. याचं नाव वॉटरबोर्डिंग. त्या महिन्यात हे ८३ वेळा झालं.

आणि हे सगळं कायद्यात बसवून झालं होतं. १ ऑगस्ट २००२ या एकाच तारखेची दोन टिपणं अमेरिकेच्या न्याय खात्यातून निघाली. मसुदा जॉन यू या वकिलाचा, सही जे बायबी यांची. पहिल्या टिपणात छळाची व्याख्या केली होती : एखादा अवयव निकामी होताना किंवा मरताना होतात तितक्या तीव्र वेदना झाल्या तरच तो छळ. त्याच्या अलीकडचं सगळं चालेल. दुसऱ्यात झुबैदासाठी दहा प्रकारांना मंजुरी होती. त्यांतला एक असा, की याला किड्यांची भीती वाटते असं दिसतं, तेव्हा पेटीत किडा सोडायला हरकत नाही. मात्र तो निरुपद्रवी असावा, उदाहरणार्थ एखादी अळी. (अळी प्रत्यक्षात सोडली गेली नाही.) रागाच्या भरात हात उचलणारा हवालदार मला एक वेळ समजतो. वातानुकूलित कचेरीत बसून अळीची निवड करणारा वकील मात्र समजत नाही. पुढे बायबी अपील न्यायालयात न्यायाधीश झाले आणि यू बर्कलीच्या विद्यापीठात कायदा शिकवत राहिले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्यापुढे क्युबातल्या ग्वांटानामो तळावरच्या कैद्यांसाठी चौकशीच्या पद्धतींची यादी आली. कैद्याला सलग चार तासांपर्यंत उभं ठेवावं, असं त्यात होतं. सही करताना रम्सफेल्डनी खाली हाताने लिहिलं, की मी स्वतः दिवसाला आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच तास का? मंत्रिमहोदय उभ्याने काम करायच्या टेबलापाशी उभे असत. कंटाळा आला की बसायची त्यांना मोकळीक होती.

हा झुबैदा होता कोण? २८ मार्च २००२ ला पाकिस्तानात फैसलाबादला जखमी अवस्थेत तो पकडला गेला. अल-कायदाच्या अगदी वरच्या फळीतला माणूस हाती लागला, असा तेव्हा गाजावाजा झाला. पुढे खुद्द सीआयएनेच मान्य केलं, की तो अल-कायदाचा सदस्य नव्हता. त्याला गुपचूप थायलंडला नेलं. तिथे आधी पोहोचले ते एफबीआयचे लोक. त्यांच्यातला अली सुफान अस्खलित अरबी बोलणारा. त्याने इस्पितळातल्या खाटेशेजारी बसून चौकशी केली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद आहे, ही मोलाची माहिती झुबैदाने तेव्हाच, म्हणजे एप्रिलमध्ये दिली. पेटी आली ऑगस्टमध्ये.

पेटी आणली जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी. दोघांपैकी कोणीही आयुष्यात खरी चौकशी केलेली नव्हती. त्यांच्या कंपनीला पुढे ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. त्यांचा अनुभव होता तो आपल्याच सैनिकांना शत्रूचा छळ सोसायला शिकवण्याचा. त्या प्रशिक्षणाचं मूळ कोरियाच्या युद्धात आहे. तेव्हा चिन्यांनी अमेरिकी वैमानिकांना झोपू न देता, उभं ठेवून, एकटं कोंडून त्यांच्याकडून जंतुयुद्धाच्या कबुल्या वदवून घेतल्या होत्या. त्या कबुल्या खोट्या होत्या. म्हणजे खोटं वदवून घेण्यासाठी जे तंत्र घडवलं गेलं, तेच पन्नास वर्षांनी सत्य शोधायला वापरलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा मूर्खपणा हाच, आणि नीतीचा प्रश्न त्याच्याही नंतरचा.

मूर्खपणाची किंमत लगेचच मोजावी लागली. इब्न अल-शेख अल-लिबी नावाच्या कैद्याला अमेरिकेने इजिप्तच्या हवाली केलं. तिथला मार चुकवायला त्याने सांगून टाकलं, की इराक अल-कायदाला रासायनिक अस्त्रांचं शिक्षण देतो. ५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत हीच गोष्ट, त्याचं नाव न घेता, जगाला ऐकवली. पुढच्याच महिन्यात इराकवर बॉम्ब पडायला लागले. २००४ मध्ये लिबीने सगळं मागे घेतलं. मार थांबावा म्हणून बोललो, म्हणाला.

मारणाऱ्याला काय ऐकायचंय हे मार खाणाऱ्याला कळतं, आणि तो तेच बोलतो. हे अमेरिकी सिनेटर जॉन मकेन यांना अनुभवाने ठाऊक होतं. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं ते कैदेत होते. आपल्या तुकडीतल्या सहकाऱ्यांची नावं सांग म्हणून छळ सुरू झाला, तेव्हा त्यांनी ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघातल्या खेळाडूंची नावं सांगितली. समोरच्यांनी ती नीट लिहून घेतली. हेच मकेन २००५ मध्ये कैद्यांच्या छळाला बंदी घालणारी दुरुस्ती घेऊन सिनेटमध्ये उभे राहिले आणि ती ९० विरुद्ध ९ मतांनी संमत झाली.

आता तो नेहमीचा प्रश्न. बॉम्ब टिकटिकतोय, तो कुठे ठेवलाय हे एकालाच माहीत आहे, आणि तो तुमच्या ताब्यात आहे. काय कराल? आपल्याकडे हा प्रश्न जास्त थेट विचारतात : तुझ्या घरचं कोणी बॉम्ब ठेवलेल्या लोकलमध्ये असतं तर? प्रामाणिक उत्तर देतो. माझं माणूस असतं तर मीही पट्टा शोधला असता. हार्वर्डचे प्राध्यापक ॲलन डर्शोविट्झ यांनी तर सुचवलं होतं, की लपूनछपून करण्यापेक्षा न्यायाधीशाकडून छळाचं वॉरंटच घ्यावं. पण प्रश्नाची मांडणी पाहा. माणूस हाच आहे, त्याला ठिकाण माहीत आहे, तो खरंच बोलेल आणि वेळेत बोलेल, या चारही गोष्टी आधीच गृहीत धरल्या आहेत. प्रत्यक्षात सीआयएने गुप्त तुरुंगांत ठेवलेल्या ११९ जणांपैकी किमान २६ जण चुकून धरलेले होते, हे डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिनेटच्या अहवालातच आहे. त्यांतला एक, गुल रहमान, २००२ च्या नोव्हेंबरात अफगाणिस्तानात कमरेखाली उघडा, साखळीला बांधलेला, थंडीने गोठून मेला. त्याबद्दल कोणावरही खटला झाला नाही.

कायद्याची बाजू ग्वांटानामोत अडकली होती. क्युबाच्या आग्नेय टोकाची ही खाडी अमेरिकेने १९०३ मध्ये भाड्याने घेतली. वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर. अमेरिका चेक धाडते, क्युबा तो वटवत नाही. जमीन क्युबाची म्हणून अमेरिकी कोर्टांना अधिकार नाही आणि ताबा अमेरिकेचा म्हणून क्युबालाही नाही, ही जागा निवडण्यामागची युक्ती. ११ जानेवारी २००२ ला पहिले २० कैदी उतरले. पुढे आकडा ७८० च्या घरात गेला. त्यांना युद्धकैदी म्हटलं नाही, कारण मग जिनिव्हा करार लागू झाला असता. आरोपीही म्हटलं नाही, कारण मग वकील द्यावा लागला असता. कैद्यांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयापुढे इग्वानाचा दाखला दिला. घोरपडीसारख्या दिसणाऱ्या या प्राण्याला त्या तळावर अमेरिकी कायद्याचं संरक्षण आहे, माणसांनाच का नाही? २००४ मध्ये न्यायालयाने या कैद्यांना कोर्टाचं दार उघडून दिलं. संसदेने ते पुन्हा लोटलं, आणि १२ जून २००८ ला बुमेदियन खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी कायमचं ठरलं, की मला कोर्टापुढे उभं करा आणि का धरलंय ते सांगा, ही हेबियस कॉर्पसची मागणी त्यांनाही करता येईल.

यावर आपण फार नाक वर करू नये. आणीबाणीत, १९७६ साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच हक्क नाकारला होता. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता असं सांगणारं निकालपत्र २०१७ मध्ये त्यांच्या चिरंजीवांनी लिहिलं.

दार उघडलं, पण मग खटल्यांचं काय झालं? खालिद शेख मोहम्मद १ मार्च २००३ ला रावळपिंडीत सापडला. त्याच महिन्यात त्याच्यावर १८३ वेळा वॉटरबोर्डिंग झालं. ग्वांटानामोत आणला सप्टेंबर २००६ मध्ये. मारून घेतलेले जबाब कोर्टात टिकणार नाहीत हे माहीत असल्यामुळे २००७ मध्ये एफबीआयचं नवं पथक आलं आणि त्याने हात न लावता पुन्हा जबाब घेतले. पण तीन वर्षं मोडून काढलेला माणूस चौथ्या वर्षी मोकळेपणी बोलतोय, हे कशावरून? त्याचा भाचा अम्मार अल-बलुची याच्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर २०२५ च्या एप्रिलमध्ये लष्करी न्यायाधीशाने दिलं : जबाब छळातून आलेले आहेत, पुराव्यात घेता येणार नाहीत. खुद्द खालिद शेख मोहम्मदशी २०२४ च्या जुलैत गुन्हा कबूल करून फाशी टाळण्याचा करार झाला होता. संरक्षणमंत्र्यांनी तो दोन दिवसांत फिरवला, आणि वर्षभराने अपील न्यायालयानेही तो रद्द ठरवला. सुमारे ३,००० माणसं मारली गेली त्या हल्ल्याचा खटला अजून उभा राहिलेला नाही.

याच्या शेजारी मुंबईवर हल्ला करणारा अजमल कसाब ठेवून पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस दलातल्या तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलूनही त्याची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. तेव्हा चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच सूर होता : कशाला पोसताय, द्या लटकवून. मीही त्यातलाच. तो तुरुंगात बिर्याणी मागतो म्हणून आपण सगळे चिडलो होतो. ती बिर्याणी सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी रचून सांगितली होती, हे त्यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं. त्याचं वकीलपत्र घेणाऱ्या बाईंच्या घरावर जमाव गेला. तरी खटला चालला. कबुली नोंदवण्याआधी दंडाधिकारी बाईंनी त्याला पोलिसांपासून वेगळं काढून विचार करायला पुन्हा पुन्हा वेळ दिला. नंतर त्याने ती नाकारली, मारहाणीचा आरोपही केला. पण तोवर सीएसटीवरची छायाचित्रं, साक्षीदार आणि कराचीशी झालेली संभाषणं पुराव्यात आली होती. खटला नुसत्या कबुलीवर उभा नव्हता. न्या. एम. एल. टहलियानी यांनी दोन सहआरोपींना पुराव्याअभावी सोडलंही. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. पकडल्यापासून चार वर्षं. आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अपिलाच्या निकालात देशभरच्या दंडाधिकाऱ्यांना सांगितलं, की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगा, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. पाकीटमारालाही हे सांगायचं, हे कसाबच्या निकालाने बजावलं.

मुंबईचं उदाहरण इथेच संपवता आलं असतं तर बरं झालं असतं. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८९ माणसं गेली. मोक्का लावला, कारण त्या कायद्याखाली पोलीस उपायुक्तांपुढची कबुलीही पुराव्यात चालते, जी एरवी चालत नाही. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुल्यांमधला मजकूर ठिकठिकाणी सारखाच आहे आणि त्या छळ करून घेतल्या आहेत, असं न्यायालयाचं मत पडलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. बारापैकी एक जण चार वर्षं आधी नागपूरच्या तुरुंगातच वारला होता. आणि माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांना एकोणीस वर्षांनी बॉम्ब कोणी ठेवले हे कोणी सांगायचं?

अबू झुबैदा अजून ग्वांटानामोत आहे. त्याच्यावर कोणत्याही कोर्टात एकही आरोप ठेवलेला नाही.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली. करार लागू करून घ्यायचा तर देशात कायदा हवा, म्हणून छळ प्रतिबंधक विधेयक आलं. लोकसभेने ते ६ मे २०१० ला संमत केलं. त्याच दिवशी आर्थर रोडच्या विशेष न्यायालयाने कसाबला फाशी सुनावली, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर या विधेयकाला जागा मिळणं अवघडच होतं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा ते बारगळलं.