लिनक्सचें कर्नेल बसत नाहीं तेव्हां

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमींचा आधार थांबविला, तेव्हां जुन्या संगणकांचें करावें काय, हा प्रश्न पुष्कळ घरांपुढें आणि शाळांपुढें उभा राहिला. ‘विंडोज ११’ चालविण्यास यंत्र बरेंच नवें लागतें. आणि नीट चालणारें यंत्र केवळ एवढ्यासाठीं भंगारांत घालणें कोणत्याही काटकसरी आईबापांस रुचण्यासारखें नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स घालणें हा एक चांगला मार्ग आहे. परंतु त्या मार्गावर एक ठेंच हटकून लागते. चारसहा महिने सर्व सुरळीत चालतें, आणि एके दिवशीं सुधारणा घेतांना कर्नेलचें पॅकेज बसलें नाहीं अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पडद्यावर येतो. मग “यंत्र बिघडलें” असें म्हणून कोणी उत्साही माणूस सर्व कांहीं पुसून नव्यानें प्रारंभ करतो, आणि त्याबरोबर मुलांचे प्रकल्प, टिपणें व घरचीं छायाचित्रें हींही पुसलीं जातात. हा नाश बहुधा अनावश्यक असतो. तो कां, हें आम्ही येथें सांगणार आहों.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा. स्मृति, तबकडी, कळफलक, जाळें यांवर ज्याची प्रत्यक्ष हुकमत चालते व इतर सर्व प्रोग्राम ज्याच्याकडे मागणें मागतात, तो हा. लिनस टोर्व्हाल्ड्स या हेलसिंकी येथील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या या उद्योगाची वार्ता प्रथम जाहीर केली. पुढें १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं ‘डेबियन’ हा संच सुरू केला. उबुंटू व मिंट हे त्याच घराण्यांतले. आणि १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें भारतीय भाषांची सोय पाहून तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच उभारलेली आहे. म्हणून पुढील विवेचन या सर्वांस सारखेंच लागू पडतें.

आतां नवें कर्नेल बसतें कसें तें पाहूं, कारण तें समजलें म्हणजे निम्मी भीति जाते. काम दोन टप्प्यांनीं होतें. पहिल्या टप्प्यांत पॅकेज उलगडून कर्नेलची मुख्य फाइल ‘बूट’ नांवाच्या कप्प्यांत व त्याचे शेंकडों सुटे भाग दुसऱ्या एका कप्प्यांत ठेवले जातात. दुसऱ्या टप्प्यांत जुळवाजुळव होते. यंत्र सुरू होतांना मुख्य तबकडी उघडण्यापूर्वींच जीं साधनें लागतात त्यांची एक गांठोडी बांधावी लागते. तिला ‘इनिट्रॅमएफएस’ म्हणतात, आपण शिदोरी म्हणूं. शेवटीं ‘ग्रब’ नामक द्वारपाळाच्या यादींत नव्या कर्नेलचें नांव चढतें. बहुतेक अपयशें या दुसऱ्या टप्प्यांतलीं असतात. आणि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, या साऱ्या खटाटोपांत जुन्या कर्नेलला कोणी हात लावीत नाहीं. उद्यमनगरांतून नवें इंजिन आणणारा शहाणा शेतकरी नव्यानें पाणी ओढल्याखेरीज विहिरीवरचें जुनें इंजिन मोडींत घालीत नाहीं. डेबियनच्या रचनाकारांनींही तोच धोरणीपणा दाखविला आहे.

यास्तव नवें कर्नेल फसल्यावर यंत्र सुरूच होईनासें झालें, तरी वीज चालू करतांच शिफ्टची कळ दाबून धरावी, किंवा कांहीं यंत्रांवर एस्केपची कळ दाबावी. ग्रबची यादी दिसूं लागते. तींत अधिक पर्यायांच्या सदरांत मागच्या क्रमांकाचें कर्नेल असतें. तें निवडलें कीं कालचें यंत्र जसेंच्या तसें पुढें उभें राहतें. मुलांच्या फाइली मग निर्धास्तपणें दुसरीकडे उतरून घ्याव्या, आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घालावा.

दुरुस्तीचें पहिलें काम वाचण्याचें. पडद्यावरील शेवटची ओळ केवळ एवढेंच सांगते कीं, एका उपकार्यानें चूक कळविली. ही ओळ घेऊन लोक ज्याला त्याला विचारीत सुटतात, आणि ज्याला त्याला उत्तर देतां येत नाहीं, कारण तींत सांगण्यासारखें कांहीं नसतेंच. खरें कारण बरेंच वर, जेथें चूक हा शब्द प्रथम येतो, तेथें असतें. पडदा पुसला गेला असला तरी आप्ट हा पॅकेजांचा कारभारी आपली रोजनिशी लिहून ठेवतो. ती ‘व्हार’ कप्प्यांतल्या ‘लॉग’ या उपकप्प्यांत आप्टच्या नांवाखालीं सांपडते. (यंत्रावर हीं नांवें व आज्ञा रोमन लिपींतच टंकाव्या लागतात, आम्ही येथें त्यांचे उच्चार दिले आहेत.)

त्या रोजनिशींत आमच्या मतें सर्वांत अधिक वेळां भेटणारें वाक्य म्हणजे “यंत्रावर जागा शिल्लक नाहीं.” पालक चकित होतात, कारण तबकडी तर अर्धी रिकामी असते! पण पुष्कळ संगणकांवर, विशेषतः तबकडी कुलूपबंद केलेली असल्यास, बूट हा कप्पा निराळा व लहान असतो. पूर्वीं तो सुमारें २५० मेगाबाइटांचाच ठेवीत. एकेका कर्नेलची शिदोरी ५० मेगाबाइटांच्याही पुढें जाते. तीनचार कर्नेलें सांठलीं कीं कोनाडा भरला. ‘डीएफ’ ही आज्ञा दिली असतां कोणता कप्पा किती भरला तें तत्काळ दिसतें. क्वचित् आणखी एक चमत्कार आढळतो: जागा आहे, पण फाइलींच्या नोंदवहींत ओळी उरलेल्या नाहींत. कर्नेलबरोबर येणाऱ्या ‘हेडर’ पॅकेजांत बारीकसारीक फाइली हजारोंनीं असतात, आणि जुनीं हेडर पॅकेजें कोणी काढलीं नसल्यास त्याच ही वही भरून टाकतात. डीएफ या आज्ञेपुढें आडवी रेघ व आय हें अक्षर दिलें म्हणजे हेंही कळतें.

उपाय म्हणजे जुनीं कर्नेलें काढणें. परंतु येथेंच घाईनें घात होतो. प्रथम ‘यूनेम’ या आज्ञेपुढें आडवी रेघ व आर हें अक्षर देऊन आज कोणतें कर्नेल चालू आहे तें कागदावर लिहून घ्यावें. त्यास हात लावूं नये. बूट कप्प्यांतील फाइली हातानें पुसणें हें तर सर्वथा वर्ज्य समजावें, कारण कारभाऱ्याच्या वहींत त्या आहेत असेंच राहतें आणि पुढें हिशेब कधींच जुळत नाहीं. आप्टला ‘ऑटोरिमूव्ह’ अशी आज्ञा दिली कीं तो चालू असलेलें व अगदीं अलीकडचीं कर्नेलें राखून बाकीचीं स्वतः काढतो. कधीं कधीं मात्र तो म्हणतो, आधीं अर्धवट काम पुरें करा. आणि जागेअभावीं तें पुरें होत नाहीं. असा पेंच पडला असतां ‘डीपीकेजी’ या त्याच्या हाताखालच्या जुन्या सेवकाला सर्वांत जुन्या कर्नेलचें पूर्ण नांव सांगून तेवढें एकच काढावयास लावावें. जागा झाली कीं गांठ आपोआप सैल होते.

पावसाळ्यांत आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, आणि ती नेमकी जुळवाजुळव चालू असतां जाते. अशा वेळीं पुढच्या खेपेस यंत्र स्वतःच सांगतें कीं डीपीकेजीचें काम मध्येंच तुटलें, तें अमुक आज्ञेनें पुरें करा. ती ‘कॉन्फिगर’ची आज्ञा जशी पडद्यावर दिसते तशीच द्यावी, उरलेलें काम पुढें चालूं होतें. “दुसरा कोणी कुलूप धरून बसला आहे” असें उत्तर आलें, तर पार्श्वभूमीवर आपोआप चाललेली सुधारणाच बहुधा तो दुसरा असतो. पंधरावीस मिनिटें वाट पाहावी. कुलुपाची फाइल पुसण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकूं नये. दोघे कारकून एकाच वहींत एकाच वेळीं लिहूं लागले तर काय होईल, हें दुकान चालविणाऱ्या पालकांस सांगावयास नको.

याहून अवघड प्रकार उपऱ्या चालकांचा. कांहीं बिनतारी जाळ्याचीं कार्डें व चित्रपत्रिका यांचे चालक कर्नेलबरोबर येत नाहींत. ते प्रत्येक नव्या कर्नेलसाठीं त्याच यंत्रावर पुन्हां घडवावे लागतात. हें काम ‘डीकेएमएस’ करतो. चालक जुना व कर्नेल नवें असल्यास घडण फसते, आणि तेवढ्यावरून सबंध पॅकेज अर्धवट राहतें. येथें दोष कर्नेलचा नसून त्या चालकाचा असतो. त्याची नवी आवृत्ति मिळाल्यास घ्यावी. न मिळाल्यास तो काढून टाकून काम पुरें करावें किंवा जुन्या कर्नेलवरच राहावें. मात्र बिनतारी जाळ्याचाच चालक काढावयाचा असेल, तर तार जोडून ठेवल्याशिवाय काढूं नये. नाहींतर पुढचें पॅकेज आणावयाचें कोणत्या वाटेनें?

शेवटीं एक क्षुल्लक दिसणारें कारण, जें जुन्या यंत्रांत फार आढळतें. पॅकेजांची यादी “अद्याप वैध झालेली नाहीं” असें म्हणून आप्ट ती घेण्यासच नकार देतो. अशा वेळीं पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख पाहावी. ती कित्येक वर्षें मागची असते. संगणक बंद असतांना घड्याळ चालूं ठेवणारी, रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी आंत असते. ती संपली कीं यंत्राला काळाचें भान राहत नाहीं, आणि आजची यादी त्याला भविष्यकाळांतली वाटते. बहुतेक यंत्रांत ती ‘सीआर २०३२’ या क्रमांकाची असते व घड्याळजीच्या दुकानांतही मिळते. वीज पूर्ण तोडून ती बदलावी, तारीख लावावी, यादी पुन्हां मागवावी. कर्नेल बसल्यावर यंत्र एकदां बंद करून सुरू करावें आणि यूनेमची तीच आज्ञा पुन्हां द्यावी. कागदावर लिहून घेतलेल्या क्रमांकापेक्षां पुढचा क्रमांक दिसला, म्हणजे काम झालें. जुनें कर्नेल मात्र आणखी आठवडाभर तसेंच राहूं द्यावें.