११.३ व्होल्टची साक्ष

आमच्या मलकापुरात टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्यात घालायचे ते ‘सेल’. मूळ शब्दाचा अर्थ मात्र समूहाचा. १७४९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने विद्युतभार साठवणारी काचेची साधने एकमेकांना जोडली आणि तोफांच्या रांगेसाठी वापरला जाणारा ‘बॅटरी’ हा शब्द त्यांना दिला. बॅटरी म्हणजे रांग, हे मी वाचले होते. पण ते उमगायला एका शेतकऱ्याचे नुकसान व्हावे लागले.

कपाशीच्या या पट्ट्यात आता पाठीवरचे फवारणी पंप बॅटरीवर चालतात. काहींत लिथियम-आयन सेलचा संच असतो. माझा उघडून बघायचा छंद ठाऊक असल्याने लोक बिघडलेले संच घेऊन येतात. गेल्या हंगामात ओळखीचे एक शेतकरी पंप घेऊन आले. ‘‘भाऊ, दहा मिनिटं चालते अन् बंद पडते. पऱ्हाटीवर फवारा तसाच राह्यला.’’

मी मल्टिमीटर लावला : ११.३ व्होल्ट. संचावर छापलेले ११.१. मी म्हणालो, ‘‘बॅटरी चांगली आहे, मोटर पाहा.’’ त्यांनी मोटर बदलली. पंप पुन्हा दहा मिनिटांतच थांबला.

मीटर खोटे बोलला नव्हता. मी त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता. एकाच उपकरणात व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजण्याची सोय ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांनी केली. त्यांचा ‘अ‍ॅव्होमीटर’ १९२३ मध्ये बाजारात आला. आजचा डिजिटल मीटर व्होल्ट मोजताना बॅटरीतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. म्हणजे तो बॅटरी विसाव्यात असताना पाहतो. गोठ्यात उभ्या बैलाची ताकद कळत नाही. मानेवर जू पडले की कळते. शिवाय थकलेला सेल भार काढताच थोडा सावरतो. शेतातून माझ्या घरी येईपर्यंत त्याने दम घेतलेला होता.

छापील आकड्यानेही मला फसवले. लिथियम-आयन सेलचे सरासरी ३.७ व्होल्ट धरून तीन गटांचे ११.१ होतात, पूर्ण भरलेला संच १२.६ दाखवतो. ११.१ ही चांगलेपणाची खूण नव्हेच.

दुसऱ्यांदा मी संचाचे वेष्टन जपून उघडले. सेलच्या प्रत्येक गटाच्या जोडावरून एक बारीक तार संरक्षक सर्किटकडे जाते. तिथे टोके लावून एकेक गट मोजला : ३.९२, ३.९१ आणि ३.४८. बेरीज तीच, ११.३! मग टाकीत साधे पाणी भरून पंप चालवला आणि पुन्हा मोजले. पहिले दोन गट ३.७८ आणि ३.७७ वर टिकले. तिसरा घसरत २.७ ला आला आणि पंप थांबला. गट एकामागे एक जोडलेले असल्याने तिघांतून प्रवाह सारखाच जातो, पण तिसऱ्याची साठवण संपली होती. संरक्षक सर्किट बेरीज पाहत नाही, प्रत्येक गट पाहते. सर्वांत दुबळ्याला वाचवण्यासाठी ते सगळ्यांचाच पुरवठा तोडते. त्या क्षणी बाहेरच्या तारांवर शून्य आणि आत सेलवर दहाहून जास्त व्होल्ट दिसले, तेव्हा शंका उरली नाही.

घरी कुणी असा प्रयोग करणार असेल, तर लाल तार आधी तपासावी. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोके बॅटरीला लावली, तर मीटर मोजत नाही, थेट शॉर्ट करतो. फुगलेला, गळणारा किंवा गरम होणारा सेल हाताळूच नये. २ व्होल्टखाली पडून राहिलेला सेल चार्ज करायचा मोह टाळावा. वरून तो भरल्यासारखा दिसला, तरी आत शॉर्ट होऊन पेट घेण्याचा धोका असतो.

मोटरचे पैसे मी देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, ‘‘पैशाचं जाऊ द्या भाऊ, फवारणीचे दिवस गेले ते कुठून आणता?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. आता कुणी संच आणला की मी वहीत तीन रकाने आखतो, प्रत्येक गटासाठी एक. प्रत्येकात दोन आकडे : विसाव्यातला आणि भाराखालचा. ते भरेपर्यंत ‘चांगली आहे’ हा शब्द तोंडातून काढत नाही.