जुनी नाणी, नवे ठग (लेखांक ५) : हंडा सापडल्यावर

गेल्या आठवड्यात ठोकीव आणि ओतीव नाणं कसं ओळखायचं ते पाहिलं. या वेळी प्रश्न वेगळा आहे. नाणं शंभर नंबरी खरं असलं, तरी ते घेणं-विकणं गुन्हा ठरू शकतं.

पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत मुळशी तालुक्यात जागोजागी जेसीबी चालू आहेत. बंगल्यांचे पाये, रस्ते, प्लॉटिंग. या खोदकामाच्या नावावर एक जुनी फसवणूक चालते. मजुराच्या वेशातला माणूस भेटतो. "पाया खणताना हंडा लागला, साहेब. सोनाराकडं जायची भीती वाटते," म्हणत एक नाणं हातावर ठेवतो. सोनार ते कसाला लावतो, तर सोनंच निघतं. मग आडबाजूला, घाईघाईत, रोख पैसे मोजून जी पिशवी मिळते तिच्यात पितळ असतं. ठगांची खरी भिस्त नंतरच्या गप्प बसण्यावर असते. आपणही चोरून गुप्तधन घ्यायला निघालो होतो, हे पोलिसांना कोण सांगणार?

ही थाप पटते, कारण हंडे खरोखर सापडतात. मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ सोन्याची नाणी जप्त केली. चिखलीत बांधकामासाठी खोदताना ती सापडली होती आणि सापडल्याचं सरकारला कळवलेलं नव्हतं. नाणी मुघल बादशहा मुहम्मद शाहाच्या काळातली, अठराव्या शतकातली. एकूण वजन २,३५७ ग्रॅम, म्हणजे नाण्यामागे सुमारे १०.९ ग्रॅम. मुघल मोहरेचं वजन साधारण एवढंच असे.

अशा वेळी भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत पुरलेलं सापडलं, तर काय, कुठे आणि कधी सापडलं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि सापडणाऱ्याचा हिस्साही जातो. हो, हिस्सा! धन बेवारस ठरलं आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा, असं हा कायदा सांगतो. खोदकामावरच्या मजुराला हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण याच कायद्यात मोठी खोट आहे. सरकारने ते धन स्वतःकडे घ्यायचं ठरवलं, तर मोबदला मिळतो तो धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. सोन्याला हे एक वेळ ठीक. तांब्याच्या शिवराईचं काय? तिच्या तांब्याला भंगाराचाच भाव येणार. प्रामाणिक माणसाला एवढंच मिळणार असेल, तर तो दलालाकडे वळेल. हे कलम बदलायलाच हवं.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंसंबंधीचा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. तसं केल्यास किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. पुरावस्तू विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो. म्हणून विक्रेत्याकडे परवाना मागा आणि पक्कं बिल घ्या. बिलावर नाण्याचं वर्णन, वजन आणि छायाचित्र असू द्या. नकली शिवराई 'अस्सल' म्हणून गळ्यात मारली गेली, तर फसवणुकीची तक्रार याच कागदावर उभी राहते.

मोबाइलवरच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देऊ, आधी कमिशन भरा, असं सांगणारे रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कमिशन मागत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.

मुळशीकरांना एक विनंती. खोदताना नाणी दिसली तर काम थांबवा, नाणी घासूनपुसून चकचकीत करू नका, जागेचे फोटो काढा आणि पौडच्या तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.