शिलालेखांच्या छायाचित्रांची सांधणी

नागपूरजवळील रामटेक येथे केवल-नरसिंह मंदिराच्या भिंतीवर वाकाटककालीन संस्कृत पद्यलेख कोरलेला आहे. त्यातील पुष्कळ अक्षरे नष्ट झाली असून, प्रभावतीगुप्तेच्या घराण्याविषयीची काही अनुमाने उरलेल्या थोड्या अक्षरांवर आधारलेली आहेत. अशा लेखाचे दुरून एकच छायाचित्र घेतल्यास बारीक रेषा हरवतात. शिवाय मंदिरांच्या अंतर्भागात मागे सरकण्यास बहुधा पुरेशी जागा नसते. म्हणून जवळून अनेक छायाचित्रे घेऊन ती सांधावी लागतात. ही सांधणी कशी होते आणि अभ्यासकाने तिच्यावर कितपत विसंबावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

शेजारच्या दोन छायाचित्रांत सुमारे एक-तृतीयांश भाग समान ठेवणे सोयीचे असते. त्या भागातील टवके, रेषांचे छेद यांसारख्या ठळक खुणा संगणक शोधतो व त्यांच्या जोड्या लावतो. आकार आणि दिशा बदलली तरी खूण ओळखणारी पद्धती डेव्हिड लोव यांनी १९९९ साली मांडली. परंतु शिलालेखात तेच अक्षर वारंवार येते. त्यामुळे एका ओळीतील ‘त’ची जोडी भलत्याच ‘त’शी लागण्याचा धोका विशेष असतो.

या अडचणीचे स्वरूप भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. फार्सी ‘बद’ व इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार आणि अर्थ जवळजवळ एक आहे, तरी त्यांचे नाते नाही. ते साम्य योगायोगाचे होय. उलट संस्कृत ‘पितृ’ व ‘फादर’, ‘पाद’ व ‘फूट’ या जोड्या प-फ या नियमित परिवर्तनात बसतात. सुट्या साम्यापेक्षा अनेक साम्यांना बांधणारा नियम अधिक विश्वसनीय ठरतो. फिशलर व बोल्स यांनी १९८१ साली मांडलेली रीतही याच तत्त्वावर चालते. छायाचित्रे सांधताना यदृच्छेने चार जोड्या निवडून एका चित्राचे दुसऱ्यावर बसणारे प्रक्षेपीय रूपांतर काढतात व त्याला इतर किती जोड्यांचा दुजोरा मिळतो हे मोजतात. असे वारंवार करून सर्वाधिक दुजोऱ्याचे रूपांतर स्वीकारतात आणि विसंगत जोड्या टाकून देतात.

असे एकच रूपांतर पुरेसे ठरण्यास दोहोंपैकी एक अट पाळावी लागते: पृष्ठभाग सपाट असावा, किंवा कॅमेरा भिंगाच्या प्रकाशकेंद्राभोवतीच फिरलेला असावा. सपाट भिंतीसमोर कॅमेरा बाजूला सरकविला तरी चालते. पण मध्ये खांब आला किंवा दगड फुगीर असला, तर जवळच्या व दूरच्या वस्तू निरनिराळ्या प्रमाणात सरकतात आणि रेषा दुहेरी दिसतात. प्रकाशाची दिशाही स्थिर हवी. तिरकस दिव्याची जागा बदलल्यास खोबणीतील सावली दुसऱ्या कडेस पडते व एकाच अक्षराची दोन चित्रे जुळत नाहीत.

उरलेली तफावत झाकण्यासाठी सांध्याजवळील छटा एकमेकींत मिसळतात. दृश्य त्यामुळे अखंड दिसते, आणि वाचकास खरा धोका येथेच आहे. सांधा अनुस्वाराच्या बिंदूवरून गेला तर बिंदू पुसट होतो किंवा दोनदा उमटतो. ‘देवं’ ही द्वितीया. बिंदू गेला की ‘देव’ हे संबोधन. म्हणजे एका पुसट ठिपक्याने वाक्यातील पदाचे कार्यच पालटते, आणि चित्र पाहून तेथे काही घडल्याची शंकाही येत नाही.

यास्तव सांधा शक्य तेथे अक्षरांमधील मोकळ्या जागेतून वळवीत न्यावा. मूळ छायाचित्रे क्रमांक देऊन जपावीत आणि सांधे दाखविणारा नकाशा सोबत ठेवावा. सांध्यावरील संशयित अक्षर प्रथम मूळ छायाचित्रात व शेवटी प्रत्यक्ष दगडावर तपासावे. सांधलेले चित्र लेखाचे समग्र दर्शन घडविते. परंतु तेही एका अर्थी संपादित पाठच होय, आणि संपादित पाठाप्रमाणेच त्याची परीक्षा झाली पाहिजे.