प्राप्तिकर विवरणपत्र आणि भांडवली नफा : वेतनदार करदात्यांचे काही प्रश्न

प्रस्तावना :
महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या वेतनातून प्राप्तिकराची कपात होते आणि वर्षअखेरीस फॉर्म 16 हाती येतो. त्यामुळे करविषयक जबाबदारी संपली, असा समज आढळतो. परंतु वारशाने मिळालेले घर किंवा म्युच्युअल फंडाचे युनिट विकल्यास हा समज अपुरा ठरतो. प्रस्तुत लेखात 2025-26 या आर्थिक वर्षातील उत्पन्नाच्या संदर्भात काही नेहमीच्या प्रश्नांचे विवेचन केले आहे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नास प्राप्तिकर अधिनियम, 2025 लागू होतो. तत्पूर्वीच्या उत्पन्नास 1961 चा अधिनियम लागू राहतो.

1) वारशाने मिळालेल्या घरावर कर लागतो काय?
वारसा मिळताना भांडवली नफ्यावरील कर लागत नाही; तो विक्रीच्या वेळी लागतो. तेव्हा मूळ मालकाची खरेदी किंमत व त्याचा धारणकाळ विचारात घेतला जातो. मालमत्ता 1 एप्रिल 2001 पूर्वीची असल्यास त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य किंमत म्हणून धरता येते. मात्र ते मुद्रांक शुल्कासाठीच्या मूल्यापेक्षा अधिक असू नये. स्थावर मालमत्ता 24 महिन्यांहून अधिक काळ धारण केलेली असल्यास नफा दीर्घकालीन ठरतो.

2) कराचा दर कोणता?
23 जुलै 2024 पासून हा दर निर्देशांकाच्या लाभाविना 12.5 टक्के आहे. त्या दिनांकापूर्वी संपादन केलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीस निर्देशांकासह 20 टक्के या पद्धतीशी तुलना करून कमी येणारा कर देता येतो. समजा, वडिलांनी 1996 मध्ये घेतलेले घर 2015 मध्ये मुलीकडे वारशाने आले आणि तिने ते 2025-26 मध्ये 40 लाख रुपयांस विकले. 2001 चे मूल्य 4 लाख असल्यास 36 लाखांवर 12.5 टक्क्यांनी 4.50 लाख रुपये कर होतो. निर्देशांक 100 वरून 376 झाल्यामुळे दुसऱ्या पद्धतीत किंमत 15.04 लाख, नफा 24.96 लाख आणि कर सुमारे 4.99 लाख होतो. येथे नवी पद्धत लाभाची ठरते. मात्र 2001 चे मूल्य 8 लाख असल्यास हेच कर अनुक्रमे 4 लाख आणि सुमारे 1.98 लाख होतात. (अधिभार व उपकर वगळून.) निर्देशांक मूळ मालकाच्या धारणकाळापासून धरावा, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये भेट मिळालेल्या मालमत्तेच्या प्रकरणात मान्य केली होती. म्हणूनच 2001 च्या मूल्याचा मूल्यांकन अहवाल महत्त्वाचा ठरतो.

3) दुसरे घर घेतल्यास सूट केव्हा मिळते?
निवासी घराच्या विक्रीतून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या निवासी घरात गुंतविल्यास कलम 54 नुसार सूट मिळते. खरेदी विक्रीपूर्वी 1 वर्ष किंवा विक्रीनंतर 2 वर्षांत, अथवा बांधकाम 3 वर्षांत व्हावे लागते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रक्कम वापरली गेली नसल्यास ती बँकेतील भांडवली नफा खाते योजनेत जमा करावी लागते. रक्कम बचत खात्यात अथवा मुदत ठेवीत राहिल्यास सूट धोक्यात येते. अनेकांची चूक नेमकी येथेच होते.

4) 12 लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त असताना नफ्यावर कर का?
नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87अ ची करसवलत मिळते. परंतु विशेष दराने कर लागणाऱ्या भांडवली नफ्यास ती लागू होत नाही. सूचीबद्ध समभाग व समभागाधारित म्युच्युअल फंडांवरील दीर्घकालीन नफ्यास 1.25 लाखांपर्यंत कर नाही; त्यापुढे 12.5 टक्के दर आहे.

5) विवरणपत्र कोणते भरावे?
घर विकणाऱ्या वेतनदारास ‘सहज’ हा नमुना चालत नाही. आयटीआर-2 भरावा लागतो. 50 लाख वा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने कापलेला 1 टक्का कर हा अंतिम कर नव्हे. तोटा झाल्यास तो पुढील 8 वर्षे ओढता येतो. मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.

निष्कर्ष :
वेतनावरील कराचा हिशेब महाविद्यालयाचे कार्यालय ठेवते. भांडवली नफ्याचा हिशेब करदात्यालाच ठेवावा लागतो. खरेदीखत, मूल्यांकन अहवाल व गुंतवणुकीच्या तारखा यांची जुळवाजुळव विवरणपत्र भरताना नव्हे, तर विक्रीपूर्वीच होणे आवश्यक आहे. कायद्याने दिलेली सूट प्रामुख्याने मुदतीवर अवलंबून असल्याने उशीर हाच करदात्याचा सर्वांत मोठा खर्च ठरतो.